मेंढक्याचं जेवण

बापू पहाटेच्या एसटीनं दहिवडीहून निघाला आणि साडेदहाच्या सुमाराला स्वारगेटला उतरला. डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. पिशवीत माझ्यासाठी शाळूचं पीठ, मटकी आणि कांदे. घरी आल्यावर चहा प्याला, बाल्कनीत गेला आणि बराच वेळ तिथं नुसता उभा राहिला. मला वाटलं, आठव्या मजल्यावरून पुणं बघत असेल.

"काय काम काढलंस बापू?" मी विचारलं.

"हाय एक. सांगतो जेवताना."

जेवण घरीच व्हायचं होतं. तेवढ्यात मुलाचा फोन आला. बापूकाका इतक्या वर्षांनी आले, त्यांना भाकरी-पिठलं कसलं घालता, ते त्यांचं रोजचंच. माझ्या ऑफिसच्या खाली आयरिश पब आहे, दुपारी शांत असतं, टेबल सांगून ठेवलंय, पैशाचं मी बघतो.

"पब म्हंजे दारूचंच दुकान न्हवं का रं मास्तर?"

"दारू असते, जेवणबी असतं."

"मग ह्या माळंचं काय करू?" बापू जरा विचारात पडला. मग म्हणाला, "असूंदे. पांडुरंगाला सांगू, दोस्तानं नेलं म्हणून. पाणी तेवढं बाटलीतलं सांग."

हिरवं, जड दार ढकलून आम्ही आत गेलो. बाहेर टळटळीत ऊन आणि आत दिवेलागणीसारखा अंधार. काळपट लाकडाच्या भिंती, रंगीत काचांच्या खिडक्या, कोपऱ्यात मोठमोठी पिंपं, जागोजाग तीन पानांच्या गवताची नक्षी. बापूनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या. दारावरच्या पोरानं त्या उचलून आणून दिल्या आणि "काका, घाला" म्हणाला. बापू खुर्चीत टेकला, शेजारच्या खांबाला नखानं खरवडून बघितलं आणि हळूच म्हणाला, "प्लाय हाय. वरनं रंग मारलाय."

आमच्या टेबलामागच्या भिंतीवर जुनी अवजारं टांगली होती. एक गंजका विळा, गाडीचं चाक, दुधाचा कॅन, घोड्याचे नाल आणि लांब दांड्याचं एक अरुंद फावडं. त्या फावड्याच्या पात्याला एका बाजूनं काटकोनात आणखी एक पातं होतं. बापू उठून त्याच्यापाशी गेला. दांडा निरखला, पात्यावर बोट फिरवलं.

"हे माती वडायचं न्हाई. ह्यानं चिखलाची ढेप कापत असणार. दोन बाजूंनी एकदमच कापली जाती."

त्याच्या वरच एक जुना फोटो लावला होता. माळावर चार माणसं त्याच फावड्यानं काळ्या ओल्या मातीच्या विटा कापताहेत आणि पलीकडं त्या वाळत घातल्यात. मी भूगोलाचा मास्तर, इतकं मला ठाऊक होतं. आयर्लंडच्या दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेल्या झाडोऱ्याची माती असते. ती कापायची, वाळवायची आणि चुलीत घालायची.

"म्हंजे त्यांच्या शेणीच की," बापू म्हणाला, आणि अवजार ओळखल्याच्या समाधानानं खाली बसला.

मी त्याला पबची गोष्टही सांगितली. पब म्हणजे पब्लिक हाऊस, चार माणसांनी बसायचं घर. तिकडच्या खेड्यात हेच किराणा दुकानही असायचं. चहा, साखर, बियाणं, खिळे, सगळं एकाच ठिकाणी. गिऱ्हाइकाची उधारीही तिथंच. कुठं कुठं तर मालक मयताची पेटीही पुरवायचा. साधारण १९९० नंतर असली दुकानं बाहेरदेशी नेण्याचा धंदाच निघाला. गिनेस ही तिथली १७५९ सालची बिअर कंपनी, तिनं त्याला जोर दिला. काउंटर, फरशी, दारं, भिंतीवरची भांडीकुंडी, सगळं आयर्लंडमध्ये तयार करून कंटेनरमधून जगभर जाऊ लागलं. मग त्याची नक्कल ज्याला जमेल तसा तो करू लागला.

"म्हंजे गाव विकत्यात."

"गावासारखं दिसणारं विकतात."

"आपल्याकडं हायवेला न्हाईत का, बैलगाडी उभी करून हुरडा विकत्यात?" बापू म्हणाला. "बैल शाडूचे आसत्यात."

पोरानं मेन्यू आणून ठेवला. बापूनं चष्मा लावला आणि मला वाचायला सांगितलं. मी एकेक नाव सांगत गेलो. शेफर्ड्स पाय आला तेव्हा त्यानं मला थांबवलं.

"ह्येचा अर्थ काय?"

"मेंढक्याची पाय. मेंढराच्या मटणाचा खिमा खाली, त्याच्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, आणि भट्टीत भाजायचं. इथं मटणाऐवजी अळंबी घालूनबी देतात."

बापू खो खो हसला. बापू मेंढक्याच्या घरातला. त्याचा आजा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला माणदेशात परत यायचा. "मास्तर, माझ्या आज्यानं जन्मात मेंढरू कापून खाल्लं नसंल. मेंढरू म्हंजे त्येचं बँकेचं पुस्तक. भाकरी, चटणी आन् मेंढीचं दूध, हे मेंढक्याचं जेवण. पर मागव. बघू तरी, इकडं त्येला काय वाढत्यात."

अळंबीची पाय आली, सोबत तळलेल्या बटाट्याच्या फोडी आणि लिंबू सोडा. बापूनं चमचा बाजूला ठेवला आणि हातानंच घास घेतला. "बरं हाय. मीठ कमी हाय. सगळं बटाट्याचंच की रं."

तिथून बटाट्याची गोष्ट निघाली. ती मी शाळेत तीस वर्षं पोरांना सांगितली होती, पण एवढं कान देऊन कुणी ऐकली नव्हती. आयर्लंडमधला गरीब कूळ शेतकरी जमिनीच्या तुकड्यावर बटाटा लावायचा आणि त्यावर जगायचा. धान्य पिकलं तर ते जमीनदाराच्या खंडात जायचं. १८४५ साली बटाट्यावर रोग आला. पानं काळी पडली, जमिनीतला बटाटा सडला आणि रानाला घाण वास सुटला.

"करपा," बापू म्हणाला.

"तोच. उशिराचा करपा. टोमॅटोवरबी तोच येतो."

"औंदा माझ्यावर आला की. चार दिस ढगाळ हवा, सकाळी धुकं. सांजचं रान हिरवंगार बघून झोपलो आन् तिसऱ्या दिशी पाला हातात धरवंना. तीन फवारण्या मारल्या, तवा निम्मं हाती लागलं." मग थांबून म्हणाला, "त्येंच्याकडं फवारणी न्हवती."

नव्हतीच. रोग पुढच्याही वर्षी आला. सरकारनं अमेरिकेतून मका आणला. तो दळायला कठीण, शिजायला कठीण, लोकांची पोटं बिघडली. मग दुष्काळी कामं काढली. सात लाखांवर माणसं दगड फोडायला आणि रस्ते करायला लागली. त्यातले काही रस्ते कुठंच जात नाहीत, माळावर अर्ध्यातच संपतात. १८४७ च्या उन्हाळ्यात सूपाच्या कढया लावल्या आणि रोज तीस लाख लोकांना त्या कढईवर जगवलं. तेवढ्यातही बंदरातून धान्याची जहाजं बाहेर जातच होती. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि तापानं मेली, आणखी दहा लाख देश सोडून गेली. १८४१ साली त्या बेटावर एक्क्याऐंशी लाखांवर माणसं होती. तेवढी तिथं आजही नाहीत.

बापूचा हात ताटात तसाच राहिला होता.

"मका म्हंजे आपला मिलो," तो म्हणाला. "आन् सूप म्हंजे सुकडी."

पुढं दोघंही बोललो नाही. १९७२ साली आम्ही पाचवीत होतो. शाळा सुटली की खडीच्या कामावर जायचं. तिथं त्याची आई आणि माझी आई शेजारीशेजारी दगड फोडत बसलेल्या असायच्या. आम्ही पाट्या वाहायचो. सुकडीच्या रांगेत बापू माझ्या पुढं असायचा आणि त्याला जास्त मिळाली की दोन बोटांनी माझ्या वाटीत टाकायचा. अमेरिकेतून आलेल्या त्या लाल मिलोची भाकरी चावता चावत नसे. एके दिवशी बापूच्या आईचा अंगठा हातोड्याखाली सापडला. पुढं महिनाभर त्यांचं दळण माझ्या आजीनं आमच्या जात्यावर काढलं. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की बापू पायलीभर मिलो डोक्यावर घेऊन अंधारातून यायचा.

"मास्तर, आता काम सांगतो." बापूनं खिशातून मोबाईल काढला आणि फोटो दाखवले. त्याचं माळवदाचं घर. नक्षीच्या चौकटीचं दार, सागवानी खांब, विहिरीवरचं मोटेचं चाक, आणि त्याच्या आज्याची बाभळीची पाभर, चाड्यासकट. "इथं जुन्या लाकडाचा एक व्यापारी हाय. हाटेलांना माल देतो. ह्या सगळ्याचं मिळून पंचेचाळीस हजार म्हनतोय. चार वाजता बोलावलंय. माळवद गळतंय, पोराला स्लॅब टाकायचाय. तुला इचारावं म्हनलं."

मी काय सांगणार? मी १९९६ साली माझ्या वाटणीचं रान विकून फ्लॅटचे पैसे भरले होते. तेव्हा मी बापूला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नव्हतं. रान दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यावर त्याला कळलं. त्यावर तो आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही.

"घर पडलं तर दाराचं काय करणार?" मी एवढंच म्हणालो.

"तेच म्हनतो मी. दार दीन, खांब दीन. चाकबी दीन, हिरीला पाणीच न्हाई." त्यानं मागं वळून त्या फावड्याकडं बघितलं. "पाभर न्हाई देत. बांधाकडंच्या तुकड्यात ट्रॅक्टर वळत न्हाई, तिथं अजून मी तिच्यानंच मटकी पेरतो. भिताडावर टांगली तर लोक इचारतील, हे काय हाय? आन् सांगायला कोन आसणार तिथं?"

पोरानं उरलेल्या बटाट्याच्या फोडी नातवासाठी डब्यात बांधून दिल्या. बिल मुलानं फोनवरूनच भागवलं होतं. बापूनं किती झालं म्हणून विचारलं, मी आकडा कमी करून सांगितला. तरी तो म्हणाला, "दोन क्रेट टोमॅटो."

व्यापाऱ्याकडं मी सोबत गेलो. पाभर वगळली म्हणून त्यानं सात हजार कमी केले. बापू हो म्हणाला. संध्याकाळी स्वारगेटला एसटीत बसवलं, तेव्हा त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं.

"सकाळी बाल्कनीत बघितलं. तुझ्या आजीचं जातं हाय न्हवं ते? कुंडी ठेवलीस वर."

मला बोलता येईना.

"ठेव की, माझं काय म्हननं न्हाई. पर रोज पाणी घालतोस. वरची तळी एकदा उचलून बघ. खालचा खुंटा लाकडाचा आसतो, कुजतोय."

घरी आलो. मनीप्लँटची कुंडी खाली उतरवली. तळी एकट्याला उचलेना, मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबलो. दोघांनी मिळून ती बाजूला केली. खुंट्याचा काळा, ओला भुगा झाला होता. तळीच्या खालच्या अंगाला, दगडाच्या टाक्यांत, जुन्या पिठाचा पांढरा कण तेवढा चिकटून होता.

दुसऱ्या दिवशी बापूला फोन केला आणि बाभळीचा एक खुंटा करून ठेव म्हणून सांगितलं.

"केलाय," तो म्हणाला. "रात्रीच."