काड, चिखल आणि वीस पावलं

लेआउट ब्लाइंड म्हणजे काय, हे एका मराठी शब्दात सांगायचा मी प्रयत्न केला, पण जमलं नाही. लपण म्हणावं तर ते झाडावरही असतं. ही कापलेल्या शेतात उताणं झोपून रानबदकांची आणि कॅनडा गूसची वाट बघायची पेटी. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर जाड कापड, डोक्याशी थोडं टेकण आणि पोटावर मधोमध उघडणारी दोन दारं. पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, ही मंडळी शिकारीला निघालीत की स्वतःच्याच अंत्ययात्रेला? :)

नॉर्थ डकोटातल्या फार्गोला येऊन मला चार वर्षं झाली. इथे ऑक्टोबरच्या शुक्रवारी दुपारनंतर मीटिंग ठेवायची नाही, हा अलिखित नियम आहे. उत्तरेकडून पक्षी खाली यायला लागलेले असतात आणि अर्धं ऑफिस शेतात असतं. आमच्या टीममध्ये बिल्ड सांभाळणारा एकजण शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याच्या वडिलांना मी काका म्हणतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण त्या शब्दाचा अर्थ कळल्यापासून फोनवर स्वतःच "काका बोलतोय" म्हणतात.

मागच्या वर्षी मी त्यांच्याबरोबर नुसता बघ्या म्हणून गेलो होतो. परवाना नाही, बंदूक नाही. आमच्यात एक पाहुणा होता, कोरी करकरीत ब्लाइंड घेऊन आलेला. उजाडल्यावर गूसचा एक थवा आला. काळ्या मानेचे, गालावर पांढरा पट्टा असलेले मोठे पक्षी. पंख टाकून उतरायच्या बेतात असताना साधारण साठ पावलांवरून ते एकदम वर उठले. काहीतरी खटकलं होतं. पाहुण्याच्या ब्लाइंडची बाजू उन्हात चकाकत होती. थवा हातचा जातोय म्हणून त्याने लागोपाठ तीन बार काढले. एक गूस हवेत डगमगलं, पण पडलं नाही. तरंगत तरंगत दोन शेतं पलीकडे उतरलं. दीड तास आम्ही आणि कुत्री शोधत होतो. नाही सापडलं. परतताना काका कोणाशीच बोलले नाहीत.

ते गूस माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून यंदा आधी ब्लाइंडचा अभ्यास, मग बाकी सगळं असं ठरवलं.

यामागचं गणित सोपं आहे. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद आहेत. तळ्यात पडलेले छर्रे बारीक खड्यांबरोबर गिळून पक्षी विषबाधेने मरायचे. आता बहुतेक जण स्टीलचे छर्रे वापरतात. शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.८ च्या आसपास. हलका छर्रा वेग लवकर गमावतो, म्हणजे लांबून मारलेला पक्षी मरण्यापेक्षा जखमी होण्याची शक्यता जास्त. तेव्हा तो जवळ यायला हवा. आणि जवळ यायला हवा तर त्याला संशय येता कामा नये. लपणं ही नुसती हौस नाही हो... पक्षी क्षणात संपणार की रात्रभर कुठल्यातरी गवतात तडफडणार, ते बऱ्याच अंशी लपण्यावर ठरतं.

तर, खरेदी. दुकानात तीन ब्लाइंड मांडून बघितल्या आणि जाड जाकीट, बूट घालून प्रत्येकीत आडवा झालो. दुकानदाराला सवय असावी, त्याने मान वर करूनही बघितलं नाही. काकांनी चार गोष्टी बघायला सांगितल्या होत्या. एक, उंची. जेवढी बुटकी तेवढी सावली कमी, पण खांदे आणि पाय मोकळे राहायला हवेत, नाहीतर तासाभराने पायाला मुंग्या येतात. दोन, दारं. एका धक्क्यात दोन्हीकडे पडायला हवीत, बंदुकीत अडकता कामा नयेत. तीन, वजन आणि जोडणी. चिखलातून अर्धा मैल ओढत न्यायची आणि अंधारात, गारठलेल्या बोटांनी उभी करायची. सुट्या खिळी जितक्या कमी तितकं बरं. चार, कापड.

कापडावर मी बराच वेळ घालवला. तिथे सुंदर सुंदर छापील कापडं होती. पाणकणीस, ओकची पानं, सगळं हुबेहूब. पण गव्हाच्या शेतात ओकची पानं कुठून येणार? आणि लांबून तो सगळा छाप एकमेकांत मिसळून एकच गडद गोळा दिसतो. मी साध्या वाळक्या गवताच्या रंगाची घेतली. त्यावर काड खोचायला जागोजागी लवचिक पट्टे होते. खरं काम ते पट्टेच करतात.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे ती घाण करणे! नव्या कापडाला चमक असते. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या तीन. आपल्याला जे मातकट वाटतं ते त्यांना तसंच दिसेल याची खात्री नाही. त्यावर उपाय म्हणजे त्याच शेतातली माती. परभणीच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला रेड रिव्हरच्या खोऱ्यातली माती ओळखीची वाटते. तशीच काळी, तशीच पाऊस पडला की बुटाला किलोभर चिकटणारी. बादलीत धिरड्याच्या पिठाइतका पातळ चिखल केला आणि झाडूने ब्लाइंड सारवून काढली. वाळल्यावर खरखरीत ब्रशने झटकली. धूळ धाग्यांत बसली, चमक गेली. हे दोनदा केलं. आमच्या आजीने बघितलं असतं तर म्हणाली असती, कोपरे राहिलेत. :)

मग काड. खालून वर भरत जायचं, छप्पर शाकारतात तसं, म्हणजे वरच्या थराने खालचे पट्टे झाकले जातात. फार नीटनेटकं करायचं नाही. शेत कुठे नीटनेटकं असतं? काड त्याच शेतातलं हवं, पण ब्लाइंडच्या शेजारचं नको. तिथलं उपटलं तर भोवती टक्कल पडतं आणि वरून तेच आधी दिसतं.

सगळ्यात अवघड प्रकरण सावली. रंग जमला तरी पेटीच्या सरळ कडेची सावली सकाळच्या तिरप्या उन्हात लांबच लांब पडते, आणि निसर्गात सरळ रेषा फारशा नसतात. म्हणून बाजूंना काडाचा उतार करायचा, जमिनीपासून दारापर्यंत. शेतमालकाची हरकत नसेल तर वीतभर खणून पेटी आत बसवायची. शेत काकांचंच होतं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. हल्ली कुंपणाकडेला चार-पाच जण एकत्र बसतात अशा उंच ए-फ्रेम ब्लाइंडची फॅशन आहे. त्यात पाठ दुखत नाही हे खरं, पण उघड्या शेताच्या मध्यावर त्या लपवणं कठीण.

शेवटी टेस्टिंग. आमच्या धंद्यात म्हणतात ना, ज्याने कोड लिहिला त्याने टेस्ट करू नये. मित्राला आत झोपवलं आणि काका पन्नास पावलं वाऱ्याच्या दिशेने चालत गेले. पक्षी वाऱ्याला तोंड करून उतरतात, म्हणजे ते तिकडूनच येणार. मग पिकअपच्या टपावर चढून त्यांनी निकाल दिला, "चेहरा दिसतोय." ब्लाइंड उत्तम, पण आतला माणूस वर बघत होता! वर वळलेला चेहरा ताटलीसारखा चमकतो. तोंडाला जाळी, हाताला मोजे, आणि थवा डोक्यावर असताना मान हलवायची नाही.

यंदा कागदपत्रंही केली. १९६१ नंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचा परवाना मिळवायला सुरक्षेचा कोर्स करावा लागतो, तो केला. माझ्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला एरवी बंदूक बाळगता येत नाही, वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. वर पंचवीस डॉलरचा डक स्टँप. ही पद्धत १९३४ पासून चालू आहे आणि जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यामुळे हे सगळं बंद आहे. त्यामुळे भिगवणला कादंब बघायला जाणाऱ्या मित्रांनो, वरचे सगळे धडे कॅमेऱ्यासाठी वापरा, तितकेच उपयोगी आहेत.

त्या शनिवारी कडक दहिवर पडलं होतं. अंधारातच पेट्या मांडल्यामुळे काडावरही पांढरा थर आला, आणि तो झडू नये म्हणून आम्ही दारं बंद करून निपचित पडून राहिलो. सात गूस आले. एक फेरी, दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीत पंखांचा आवाज माझ्या छातीवरून गेला. काका गप्प. मग पाय खाली सोडून ते समोर उतरायला लागले तेव्हा काका म्हणाले, "आता." वीस पावलं असतील. काकांनी दोन मारले, मी एक. जमिनीवर पडण्याआधीच तो मेला होता. मी जवळ जाऊन खात्री केली. बरं वाटलं असं नाही म्हणणार. मान हातात घेतली तेव्हा ती अजून गरम होती.

रविवारी घरी फोन केला. आमच्या घरात अंडंसुद्धा गच्चीवर शिजतं, त्यामुळे सांगावं की नाही हा प्रश्न होताच. सांगितलं. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हाल झाले का रे त्याचे?"

"नाही आई."

"आणि खाल्लंत ना? टाकलं नाहीत ना?"

म्हटलं, तूच दिलेला येसर घालून केलं. त्यावर ती काहीच बोलली नाही, फक्त येसर संपत आला असेल तर कोणाबरोबर तरी पाठवते म्हणाली.

असो. पुढच्या शनिवारी मक्याचं शेत आहे. गव्हाचं काड तिथे चालत नाही. आज दिवसभर सगळं उपसून ठेवलंय, उद्या मक्याची पानं भरायची आहेत.