पश्चिमेच्या भिंतीवरचा टीव्ही

आमच्या आर्णीच्या घरात टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर होता. २०२० च्या रमजानमध्ये मी तो पश्चिमेच्या भिंतीवर नेला आणि त्यावरून घरात आठ दिवस कुरबुर चालली.

त्या वर्षी पहिला रोजा २५ एप्रिलला होता. मशिदी मार्चपासूनच बंद होत्या. चाळीस वर्षांत अब्बांची तरावीह जमातीशिवाय झाली नव्हती. पहिल्या रात्री घरातच मुसल्ला अंथरताना त्यांचे डोळे भरून आले. अम्मी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ती अगदी सहज म्हणाली, "तुमच्यासाठी बंद झाली. माझ्यासाठी उघडी कधी होती?"

यावर कुणीच काही बोललं नाही. खरंच, आमच्या आर्णीत बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यात अम्मी लहानपणापासून जाते, उरुसात तर सगळ्या जातीधर्माच्या बाया जातात. पण गल्लीतल्या मशिदीची पायरी तिने पासष्ट वर्षांत चढलेली नाही. ती अजान ऐकते आणि घरात नमाज पढते. जमात म्हणजे काय, हे तिने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

ते तिला टीव्हीने दाखवलं. मक्केहून तरावीहचं थेट प्रक्षेपण आपल्याकडे रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू होतं, कारण तिथलं घड्याळ अडीच तास मागे. त्या वर्षी तिथेही वीसऐवजी दहाच रकात झाल्या, आणि काबागृहाभोवती मोजकीच माणसं. अम्मी आपली इशा आणि तरावीह उरकून टीव्हीसमोर बसायची. गुडघ्यांमुळे ती खुर्चीवरच नमाज पढते आणि ती जड खुर्ची सारखी वळवणं तिला जमत नाही. म्हणून मी टीव्हीच पश्चिमेला, म्हणजे किब्ल्याच्या दिशेला आणला.

अब्बांना शंका आली की ही आता टीव्हीतल्या इमामामागे नमाज पढणार. त्यांनी आपल्या इमामसाहेबांना फोन लावला. उत्तर अपेक्षित तेच आलं: इमाम आणि मुक्तदी एका जागी हवेत, सफा जोडलेल्या हव्यात, पडद्यामागून जमात होत नाही. बहुतेक उलेमांचं मत हेच आहे आणि मलाही ते पटतं. अम्मीला तर ते आधीपासून ठाऊक होतं. "मी त्यांच्या मागे पढत नाही, त्यांना ऐकते," ती म्हणाली. मग अब्बांनी दुसरा मुद्दा काढला, की नमाजेच्या वेळी समोर चित्र नको. त्यावर अम्मीने टीव्हीच्या वर एक खिळा ठोकून घेतला. नमाजेच्या वेळी त्यावरून ओढणी सोडायची, नंतर वर करायची. वाद मिटला.

मिटला असं मला वाटलं. आधीच्या वर्षांचं चित्रीकरण लावलं तेव्हा त्यात बायकांच्या रांगाच्या रांगा दिसल्या. अम्मी बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने अब्बांना विचारलं, "तिथे चालतं, मग इथे का नाही?" अब्बांनी आवाज वाढवायला सांगितलं. पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्याने हाच प्रश्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला होता, आणि जानेवारी २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितलं होतं की मशिदीत नमाज पढायला स्त्रियांना मनाई नाही. हे मी वाचलं होतं. पण अम्मीच्या डोक्यात तो प्रश्न वर्तमानपत्राने नाही, टीव्हीने घातला. म्हणून धार्मिक विधी टीव्हीवर दाखवूच नयेत असं कुणी म्हणालं की मला आधी अम्मी आठवते.

शेजारच्या काकूंचं वेगळं. त्या वर्षी आषाढी १ जुलैला आली. पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी राहिले. काकूंनी पहाटे उठून आंघोळ केली, सह्याद्री वाहिनीवर महापूजा लावली, पडद्याला हात जोडले, डोकं टेकवलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून म्हणाल्या, "भाभी, आमचा इठोबा घरीच आला ना यंदा." त्यांचं दर्शन झालं होतं. दर्शन डोळ्यांनी होतं, ते पडद्यातून येऊ शकतं. जमातीला मात्र खांद्याला खांदा लागतो. एकच कॅमेरा एका घरात पूजा पोचवतो आणि दुसऱ्या घरात फक्त आवाज. वाहिन्यांवर सर्व धर्मांना सारखे तास वाटून द्या म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

तासांचा हिशोब मात्र सरकारी वाहिनीला चुकत नाही. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येचा सोहळा दूरदर्शनवर थेट होता. त्यानंतर मार्चपासून रामलल्लाची सकाळची आरती रोज दाखवायला सुरुवात झाली. माझा पुतण्या कायद्याचा अभ्यास करतो. तो राज्यघटनेचं कलम २७ काढून बसला: एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायला कुणावर सक्ती करता येत नाही. मी त्याला म्हटलं, कोर्टात ते कलम इथे टिकेल का, ते वकील ठरवतील. मला सोहळा दाखवल्याचं वाईट वाटलं नाही, ती देशातली मोठी घटना होती, बातमी होतीच. पण रोजची आरती ही बातमी नाही. ती उपासना आहे, आणि उपासना सरकारने चालवायची तर अम्मीने विचारायचं, माझी कुठे आहे? ईदच्या दिवशी मला आठवतं ते गळाभेटीचं दोन मिनिटांचं दृश्य आणि शीरखुर्मा.

इंग्लंडात बीबीसी १९२८ पासून रेडिओवर ख्रिस्ती प्रार्थना देते आहे. पण २०२० मध्ये तिथल्या मशिदी बंद झाल्या तेव्हा तिच्याच स्थानिक केंद्रांनी दर शुक्रवारी इमामांना बोलावलं. बोलायला बोलावलं, नमाज पढवायला नाही. मला हे बरोबर वाटतं.

आता कुणी म्हणेल, मग दूरदर्शनने जुम्म्याची नमाजही दाखवावी. नको. मोबाइल आल्यापासून आमच्याकडचे बयान किती लांबले आहेत, हे मी मागच्या सफेत बसून मोजलं आहे. कॅमेरा समोर आला की टोपी सरळ होते आणि दुआ लांबते. अराफातचा खुतबा उर्दू भाषांतरासह दाखवा, तो ऐकण्यासारखा असतो. सजदा ज्याचा त्याच्याकडे राहू द्या.

१६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. अब्बा फजरलाच गेले. अम्मी घरीच राहिली.

टीव्ही अजून पश्चिमेच्याच भिंतीवर आहे, खिळाही आहे. रमजानमध्ये अब्बा मशिदीतून तरावीह पढून येतात आणि साडेअकराला अम्मीच्या खुर्चीमागे काही वेळ उभे राहतात. काय बघता असं विचारलं की म्हणतात, चष्मा शोधत होतो.