सांगड

'सांगड घालणें' हा शब्दप्रयोग आम्ही लिहिणारी मंडळी ऊठसूट करितों. ज्ञानाची कर्माशीं, जुन्याची नव्याशीं सांगड घालून मोकळे होतों. परंतु पाण्यावर तरण्यासाठीं होड्यांची किंवा वाळलेल्या भोपळ्यांची जी जोडणी, ती मूळची सांगड आमच्यापैकीं कितीजणांनीं पाहिली असेल? आम्हीं तिचा आजचा अवतार पाहिला तो परभणी जिल्ह्यांत, पूर्णा नदीवरील येलदरीच्या जलाशयांत.

थर्माकोलचे ठोकळे प्लॅस्टिकच्या कापडांत गुंडाळून दोरीनें आवळलेले, झाला तराफा! भोई त्यावर मांडी घालून बसतो आणि हातांतील दोन फळकुटांनीं पाणी मागें सारीत जातो. सायंकाळीं जाळें लावावयाचें, पहांटे उचलावयाचें. वरचा कांठ तरंगत्या तुकड्यांनीं धरलेला, खालचा शिशाच्या मण्यांनीं ओढलेला. मधल्या अदृश्य भिंतींत मासा कल्ल्यांपाशीं अडकतो. जाळ्याचा आस बारीक ठेवला तर पिलेंही सांपडतात, आणि पुढील वर्षाचें अन्न आजच संपतें. माशाच्या चवीविषयीं बोलण्याचा अधिकार आम्हां शाकाहाऱ्यांस नाहीं, पण हा हिशेब आम्हांसही कळला.

"लांकडी होडी कां नाहीं?" असें आम्हीं विचारलें.

"परवडत नाही, मालक. अन् हे काही बुडत नाही. बुडतो तो माणूस."

तो हें हंसत बोलला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं, कारण त्याच्या अंगावर सदऱ्याखेरीज कांहीं नव्हतें, आणि खालीं पाणी किती खोल तें त्यालाच ठाऊक.

येलदरीचें धरण 1968 सालीं पुरें झालें. गोदावरीवर पैठणचें जायकवाडी 1976 सालीं. धरणांनीं भोयांचें केवळ वाईटच केलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. जलाशय आहे म्हणून रोहू आहे, कटला आहे. पण खालच्या पात्रांत उन्हाळ्यांत डोह आटतात, आणि वरच्या पाण्याला ठेका, सोसायटी, विकतचें मत्स्यबीज अशीं नवीं बंधनें आलीं. वाडवडिलांनीं नदीची ओढ ओळखण्याची जी विद्या दिली, तिला संथ पाण्यांत फारसें काम उरलें नाहीं.

कांठावर व्यापाऱ्याचा काटा टांगलेला होता. मोठे मासे त्यावर चढले. बारीक मासळी भोयानें फडक्यांत बांधली व घराची वाट धरली.