डॉक्टर होणाऱ्या लेकरांच्या मनाचे काय?

निकाल लागले की आमच्या विहारात गुणवंतांचा सत्कार होतो. मजुराची मुलगी एम.बी.बी.एस.ला लागली तर साऱ्या वाडीची मान उंच होते. शाल, पेन, बाबासाहेबांचे पुस्तक आणि प्रत्येक वक्त्याचे एकच सांगणे : समाजाचे नाव काढ! रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आता असे सत्कार वाढतील. वाढोत. पण वसतिगृहात गेल्यावर त्या पोरीवर काय गुजरते?

डॉ. पायल तडवी आठवा. जळगावची आदिवासी तडवी समाजातली ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे. आपण आधीच तक्रार केली होती, दाद मिळाली नाही, असे घरच्यांचे म्हणणे. पुढे तिची आई आबेदा आणि रोहित वेमुलाची आई राधिका या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

मी कारकून माणूस. आवक क्रमांक पडला नाही तर कागद आलाच नाही असे कचेरीत धरतात. तोंडी तक्रारीचे तर विचारूच नका. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार लेखी तक्रार आल्यावर प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी लागते. टाळली तर तोही गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. म्हणून अर्ज लेखीच द्यावा, पोच घ्यावी. जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९चा अॅट्रॉसिटी कायदा आहेच.

सगळाच त्रास जातीचा नसतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ साली अहवाल दिला. पाहणीतल्या एम.बी.बी.एस. विद्यार्थ्यांपैकी शेकडा सोळांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. जागरणे, परीक्षा, इंग्रजीचे दडपण! त्यात आपल्या पोरांना ‘कोट्यातला’ हा टोमणा वरकड.

आपल्या गावात मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासून, तरी मनाच्या डॉक्टरकडे जायची लाज जात नाही. १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. फोनवर मार्कांआधी विचारा, ‘झोप लागते का गं? कोणी टाकून बोलतं का?’ नापास झालीस तरी घर तुझेच, हेही सांगा.

सत्काराच्या पेनासोबत हा क्रमांक आणि तक्रारअर्जाचा नमुना द्यावा, असे मी मंडळात सुचवले. ‘मंगल प्रसंगी हे कशाला?’ असे एका ज्येष्ठांनी विचारले. विषय पुढच्या बैठकीत आहे.