रिकाम्या हातांचा हिशोब

‘सिंधी काय घेऊन आले होते? अंगावरचे कपडे. आणि आज बघा. नाहीतर तुम्ही! सत्तर वर्षं सवलती खाताय अन् आहे तिथंच.’

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही ऐकलंय. एसटीत, कॉलेजच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत. मी ते मिलमध्ये ऐकतो. उर्शाला माझं घर, जवळच रोलिंग मिल, बारा-बारा तासांची पाळी. भट्टीतनं लालभडक लोखंड येतं, चिमट्यानं धरून रोलमध्ये सारायचं, पलीकडनं सळई होऊन निघतं. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर तंबाखू मळता मळता हे वाक्य टाकतो. वाक्य त्याचं नाही. त्याला कुणीतरी दिलंय, अन् देणाऱ्यालाही कुणीतरी दिलेलं. पिढ्यान् पिढ्या भाकरीबरोबर चटणी द्यावी तसं.

शिवी घालून गप्प करता येतं. पण दुसऱ्या दिवशी ते डब्याबरोबर पुन्हा हजर. म्हणून मी ते उसवून बघायचं ठरवलं. मी दहावी नापास माणूस. कायद्याची पुस्तकं रात्रपाळीनंतर वाचायची म्हणजे डोळ्यात वाळू. पण बाबासाहेबांच्या माणसानं कायद्याला भ्यायचं नसतं.

तळेगावहून पुण्याची लोकल धरली की देहूरोड, आकुर्डी, चिंचवड आणि मग पिंपरी. देहूरोडला आपण वंदनेला उतरतो. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः तिथं बुद्धमूर्ती बसवली. पिंपरीला उतरतो ते खरेदीला. तिथला कॅम्प म्हणजे सिंधी निर्वासितांची वसाहत. कापड, भांडी, बूट, लग्नाचा बस्ता, सगळं एका बाजारात. कामाचे बूट मी तिथूनच घेतो. दुकानदार ओळखीचा झालाय, पगार लांबला तर उधार देतो. माझं भांडण त्याच्याशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर आपलीच काही पोरं उद्या त्याच्या दुकानावर दगड घेऊन जातील अन् वाक्य देणारा लांबून हसेल.

त्याच्या आजोबांनी भोगलं ते खोटं नव्हतं. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, लूट झाली, आणि त्यानंतर सिंधी हिंदूंची रीघ लागली. बहुतेक बोटीनं मुंबईला उतरले. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकी रिकाम्या पडल्या होत्या, तिथं माणसं कोंबली. मध्ये गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत किती संसार! ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावण्यांचं उल्हासनगर झालं. पिंपरीचा कॅम्पही त्याच लाटेतला. घर सुटलेल्या माणसाची टिंगल आपण करायची नाही. गावकुसाबाहेर राहिलेल्याला ती शोभत नाही.

पण ‘रिकाम्या हातांनी’ हा शब्द मात्र तपासला पाहिजे.

सिंधमधून आलेले हे लोक बरेचसे लोहाणा. त्यांच्यातले आमिल म्हणजे पिढ्यान् पिढ्या मीरांच्या दरबारी, मग इंग्रजांच्या कचेरीत लेखणी धरणारे. भाईबंद म्हणजे व्यापारी. हैदराबाद सिंधच्या ‘सिंधवर्की’ व्यापाऱ्यांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून इजिप्तपासून जपानपर्यंत पसरलेल्या. आता सांगा, बोटीवरनं उतरताना हातात काही नसेल, पण डोक्यात खातेवही होती. अक्षर होतं, व्याजाचा हिशोब होता. सिंगापूरच्या चुलत्याचा पत्ता होता. कस्टमवाल्यानं ट्रंक उघडली तरी ह्यातलं काही जप्त करता येत नाही.

अन् आणखी एक गोष्ट होती, जी कुठल्याच अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला सापडली नाही. छावणीतल्या सिंधी बायांनी पापड लाटले, लोणची घातली, पुरुषांनी ती दारोदार विकली. लोकांनी विकत घेतली, खाल्ली. माझी पणजी १९४८ साली पापड लाटून वडगावच्या बाजारात बसली असती तर? कुणी हात लावला असता? तिचे हात सिंधिणीच्या हातांपेक्षा कमी राबलेले नव्हते. पापडाचं पीठ तेच, मीठ तेच. तिच्या पापडाला गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच. भांडवल भांडवल म्हणतात ते पैशाच्याही आधी इथं सुरू होतं. लोक तुमच्या हातचं खातात की नाही, इथं.

आता सरकारचा हात बघू. १९४८ मध्ये निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज द्यायला पुनर्वसन वित्त प्रशासन उभं राहिलं. १९५० ला क्लेमचा कायदा झाला. मागे काय सोडून आलात ते सांगा, आम्ही तपासून किंमत ठरवतो. १९५४ ला भरपाईचा कायदा आला. इथून गेलेल्या मुसलमानांची मालमत्ता आणि सरकारी निधी मिळून भरपाईचा साठा तयार केला. ज्याचा क्लेम पास झाला त्याला त्यातनं पैसे, घर किंवा जागा. चांगलं केलं. उजाडलेल्या माणसाला सरकारनं उभं करायचंच असतं. मग ह्याला कुणी सवलत म्हणालं का? ‘पुनर्वसन’ म्हणाले. शब्द बघा कसा इस्त्री केलेला! आमच्या वाट्याला आलं की तेच ‘खाणं’ होतं.

त्या १९५४ च्या कायद्यात निर्वासित कोण, ह्याची व्याख्या दिलीय. मी ती तीनदा वाचली. १ मार्च १९४७ नंतर ज्याला पश्चिम पाकिस्तानातलं राहतं ठिकाण सोडावं लागलं, तो. पश्चिम. मग पूर्वेकडनं आलेले?

इथं मला आमच्या पाळीतला बंगाली आठवला. बंगाली म्हणतो आम्ही, पण जन्म गडचिरोली जिल्ह्यातला, मुलचेऱ्याकडचा. तिशीचा असेल. मराठी बोलतो ती झाडीपट्टीची, चिडला की बंगाली. मला ‘दादा’ म्हणतो. तो मराठीतला दादा की बंगालीतला, मी काही विचारलं नाही. त्याचा आजा खुलना जिल्ह्यातला, दुसऱ्याच्या भातखाचरात राबणारा. जातीनं नमःशूद्र.

नमःशूद्र म्हणजे आपल्याला परके नाहीत. १९४६ साली मुंबई प्रांतानं बाबासाहेबांना संविधान सभेची दारं बंद केली, तेव्हा ते निवडून आले बंगालच्या विधिमंडळातून. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमःशूद्र साथीदारांनी ताकद लावली म्हणून. फाळणीत ती जागा गेली अन् मग जुलै १९४७ मध्ये मुंबईतून बाबासाहेब परत निवडले गेले, ही पुढची गोष्ट. जोगेंद्रनाथ पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात आले. त्यांची जनता त्यांच्या आधी, त्यांच्याबरोबर, त्यांच्या मागून येतच राहिली.

बंगालमधले वरच्या जातीचे बरेचसे आधी आले. कलकत्त्यात नातेवाईक, नोकरी, ओळख. नमःशूद्र शेतकरी आला तो १९५० च्या दंगलीनंतर, मग १९६४ च्या दंगलीनंतर. त्याला भरपाई का नाही? तर ८ एप्रिल १९५० ला नेहरू-लियाकत करार झाला होता. त्यात धरून चाललेलं की पूर्वेकडचे परत जातील, त्यांची मालमत्ता तिथं शाबूत राहील. कागदावर शाबूत! परत कोण गेलं?

मग त्यांना पाठवलं रायपूरजवळच्या माना छावणीत, तिथून दंडकारण्यात. १९५८ साली त्यासाठी प्रकल्प केलेला. बस्तर, कोरापूट, आणि आपल्याकडे तेव्हाच्या चांदा जिल्ह्याचं जंगल. नदीकाठच्या चिखलात भात लावणाऱ्या माणसाला खडकाळ माळ दिला अन् म्हणाले पिकव. ते जंगल गोंड-माडियांचं होतं, त्यांना कुणी विचारलं नाही. एका उपाश्याच्या ताटातलं काढून दुसऱ्या उपाश्याला वाढलं अन् वाढपी मात्र दानशूर. १९७८ मध्ये त्यातले हजारो लोक दंडकारण्य सोडून सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर गेले, स्वतःच्या हातानं शाळा, दवाखाना, बांध उभे केले. जानेवारी १९७९ मध्ये पोलिसांनी बेटाची नाकेबंदी केली, मे महिन्यात झोपड्या जाळून माणसं हुसकली. सरकार डाव्यांचं होतं, हे लाल झेंड्याखाली आशेनं जाणाऱ्या आपल्या मित्रांनी लक्षात ठेवावं. मेले किती, ह्यावर आजही एकमत नाही.

तर आता मांडा समोरासमोर. एकच फाळणी. दोघंही उजाडलेले. एकाला बंदराजवळ, रेल्वेजवळ जागा, दुसऱ्याला जंगलात. एकाच्या नुकसानीची किंमत कायद्यानं ठरवली, दुसऱ्याची किंमत ठरवायची गरजच नाही असं कायद्यानं ठरवलं. पिंपरीतल्या नातवाचं दुकान आहे, मुलचेऱ्यातला नातू माझ्याबरोबर चिमटा धरतो. अन् सुपरवायझर सांगणार, कष्टाचा फरक आहे!

सिंधचेच सगळे तरी कुठं आले? कराचीतल्या झाडू मारणाऱ्यांना पाकिस्ताननं जाऊ दिलं नाही. ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणे. म्हणजे सगळे गेले तरी चालतील, संडास साफ करणारा हवा. बाबासाहेबांनी १८ डिसेंबर १९४७ ला नेहरूंना पत्र लिहून ह्याच लोकांसाठी दाद मागितली. सिंधमध्ये, थरपारकरकडे मागे राहिले त्यांत मेघवाड, कोळी, भिल्ल केवढे आहेत. ते सिंधीच. त्यांचं उदाहरण मात्र कुणी देत नाही.

हा खेळ आपल्याकडेच चालतो असंही नाही. अमेरिकेत काळ्यांना अस्संच ऐकवतात, की इटालियन बघा, काय घेऊन आले होते? १८८० नंतरच्या चाळीसेक वर्षांत चाळीस लाखांच्या आसपास इटालियन तिथं गेले. बहुतेक दक्षिणेकडचे गरीब शेतमजूर. त्यांनाही मारलं. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये जमावानं अकरा इटालियनांना ठार केलं. पण कायद्याच्या वहीत ते गोरे होते, नागरिक होता येत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ चा कायदा होता. शिक्षण, घरासाठी कर्ज. इटालियन पोरांना तो मिळाला, काळ्या सैनिकाला बँकेच्या दारातून परत पाठवलं. आणि लाओसचे लोक? त्यांच्या देशावर १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेनंच वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, मग १९७५ नंतर ते त्याच अमेरिकेत निर्वासित म्हणून पोचले. त्यांच्यातले ह्मोंग डोंगरात फिरती शेती करणारे. इटालियनाच्या मागं चार पिढ्यांचा पगार अन् स्वतःचं घर, लाओशियनाच्या मागं बॉम्बचा खड्डा. दोघांचं आजचं उत्पन्न शेजारी मांडून ‘हे हुशार, ते आळशी’ म्हणायचं, ह्याला आमच्याकडं वजनकाट्याला बोट लावणं म्हणतात.

ह्याचं बोट कुठं लागतं ते मी उर्शातही पाहिलंय. एक्सप्रेसवे आमच्या शिवारातून गेला. टोलनाका आमच्याच गावाच्या नावाचा. रस्ता आला, मागून कंपन्या आल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्याच्या सातबाऱ्यावर नाव, त्याच्या दारात गाडी आली. त्याचंही मी वाईट म्हणत नाही, जमीन गेली त्याची. पण आमचा आजा त्याच रानात जन्मभर राबला, त्याचं रान गेलं म्हणजे त्याचंही काम गेलं. त्याची भरपाई कोणत्या रकान्यात? आमच्याकडं होतं ते महारवतन. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, ते जावंच, त्यासाठी बाबासाहेब आयुष्यभर लढले. जमीन पैसे भरून परत मिळायची, पण नव्या शर्तीनं. विकायची तर कलेक्टरची परवानगी, सरकारला नजराणा. म्हणजे बांधाच्या अलीकडं अन् पलीकडं माती एक, पाऊस एक, अन् भाव दोन. घरात सहा हिस्से पडल्यावर आमच्या वाट्याला आले ते गुंठे मोजायला टेपसुद्धा लागत नाही.

क्लेम म्हणजे हेच. ज्याच्याकडं होतं, त्याचं गेलं तर त्याला मिळेल. ज्याला काही असूच दिलं नाही, त्याचं काय गेलं म्हणून सांगणार? फॉर्मवर लिहायचं काय? विहीर, जिचं पाणी प्यायला मिळालं नाही? शाळा, जिच्या बाहेर बसलो? आमच्या सवलती म्हणजे ह्या न भरलेल्या फॉर्मवरचा पहिला हप्ता. अन् त्यातल्याही किती जागा रिकाम्या ठेवल्या ते कुठल्याही कचेरीत बॅकलॉगची फाईल मागून बघा.

आमच्या बंगाल्याला तर तो हप्ताही नाही. पश्चिम बंगालात नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत ते नावच नाही. त्याचा चुलता नदिया जिल्ह्यात राहिला, त्याच्या पोरांना दाखला आहे. ह्याचा बाप मुलचेऱ्याला आला, ह्यांना नाही. जात मात्र पूर्ण मिळते, ती राज्याची हद्द ओलांडताना कुणी काढून घेत नाही. त्याची धाकटी बहीण यंदा बारावी झाली, नर्सिंगला जायचं म्हणते. फॉर्ममध्ये जातीच्या रकान्यात काय लिहू, असं तिनं फोनवर विचारलं अन् त्यानं तो फोन माझ्या हातात दिला.

येत्या रविवारी तळेगावच्या बैठकीला मी त्याला घेऊन येतोय. आजोबांचं माना छावणीचं कार्ड तो जपून ठेवतो, तेही आणणार आहे. तुमच्यात कुणी वकिलीला असेल, समाजकल्याणच्या कचेरीत कुणाचं येणंजाणं असेल, त्यानं नक्की यावं. त्याची पहिली पाळी सुटते तीनला. चारच्या आत सुरू करू नका.