दुखत नाही, मग कशाला?

मैत्रिणींनो, "दात दुखतोय का?" असं विचारलं तर तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, "छे, अजून तरी नाही!" सगळी गोम त्या 'अजून'मध्ये आहे.

मी अर्धवेळ शिक्षिका. आमच्या शाळेत दरवर्षी दातांची तपासणी होते आणि मुलांबरोबर चिठ्ठ्या घरी जातात. गेल्या खेपेस माझ्या वर्गातल्या अकरा मुलांना डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं, गेली तिघं. आयांचं उत्तर ठरलेलं, "बाई, दुधाचेच दात, पडायचेच आहेत." अहो, पण दुधाच्या दाढा वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात, पक्क्या दातांची जागा राखतात! सांगूनही पटत नाही, कारण पोर रडत नाही ना. दाताच्या वरच्या टणक थराला संवेदनाच नसते. कीड तिथे असेपर्यंत काही कळत नाही, ठणका लागतो तेव्हा ती आत पोचलेली असते.

बी.ए.ला माझा मानसशास्त्र विषय होता. अमेरिकेतल्या हॉकबम यांनी क्षयाच्या तपासणीसाठी आपण होऊन छातीचा एक्स-रे कोण काढून घेतं, याचा अभ्यास केला होता. तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. काही होत नसतानाही आपल्याला रोग असू शकतो, आणि लवकर कळलं तर फायदा होतो, या दोन्ही गोष्टी पटलेल्यांपैकी शंभरात ८२ जणांनी एक्स-रे काढला होता. दोन्ही न पटलेल्यांत फक्त २१ जणांनी. दातांचंही याहून वेगळं नाही.

पण आपल्या बायकांचं नुसतं पटून भागत नाही. माझ्या जाऊबाईंना सगळं पटतं. मुलांना त्या नेमाने दातांच्या डॉक्टरांकडे नेतात. स्वतः मात्र वर्षभर लवंगेच्या तेलाचा बोळा धरून एका बाजूने जेवत होत्या. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, ते डॉक्टर म्हणतील, इतके दिवस काय करत होता? या वयात आ करून ते ऐकायचं?" सुईची भीती राहिली बाजूलाच, यांना धास्ती बोलणी खाण्याची! शिवाय महिन्याच्या खर्चात स्वतःचं नाव नेहमी शेवटी.

शेवटी धाकट्याच्या तपासणीच्या दिवशीच त्यांचीही वेळ घेतली आणि मी बरोबर गेले. डॉक्टर अवाक्षर बोलले नाहीत. एक दाढ काढावी लागली, दोन भरून वाचल्या. पुढची तारीख जाऊबाईंनी घरी येताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.