कागदी वाघांचे गुडघे

मागच्या वर्षी लेकीकडे सिअॅटलला चार महिने राहून आले, हे नेहमीच्या वाचक मंडळींना माहीत आहेच. तिथल्या पावसावर लिहून झालं, तिथे मिळणाऱ्या मेथीच्या भावावरही लिहून झालं. एका चित्रपटावर लिहायचं मात्र राहून गेलं. आमच्या वन्संनी फोनवर दोनदा आठवण केली, "अगं, तो म्हाताऱ्या मारामारीवाल्यांचा सिनेमा कधी लिहिणार?" म्हणून आज बसले.

आधीच सांगते, मारामारीचे चित्रपट हा माझा प्रांत नव्हे. ब्रूस लीचं नाव ऐकलं ते शाळेतल्या पोरांच्या तोंडून. मधल्या सुट्टीत कुणीतरी तोंडाने चित्रविचित्र आवाज काढत दुसऱ्याच्या पोटात लाथ घालायचा आणि मग दोघं रडत स्टाफरूमच्या दारात. माझा त्या महापुरुषाशी एवढाच परिचय. पण नातू कराटे शिकतो आणि जावई या प्रकारातले दर्दी. एका शनिवारी संध्याकाळी बाहेर पाऊस, स्वयंपाक आटोपलेला. जावई म्हणाले, "आई, हा बघाच. आपल्या सिअॅटलमधलाच आहे." मी विणकाम घेऊन बसले. अर्ध्या तासाने सुया बाजूला ठेवल्या.

चित्रपटाचं नाव 'द पेपर टायगर्स', म्हणजे कागदी वाघ. दिग्दर्शक ट्रान क्वोक बाओ, हा त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट. २०२० साली मॉन्ट्रियलच्या फँटेशिया महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि मे २०२१ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. तो उभा कसा राहिला ती हकीकत जावयांनी सांगितली. पैसेवाल्यांकडे गेलं की ते म्हणायचे, मुख्य भूमिकेत एखादा नावाजलेला गोरा नट घ्या. दिग्दर्शकाने ते मानलं नाही. शेवटी किकस्टार्टरवरून लोकवर्गणी काढली, इकडून तिकडून पैसे जमवले आणि चित्रपट सिअॅटलमध्येच केला. निर्मात्यांपैकी एक युजी ओकुमोतो. १९८६ च्या 'कराटे किड'च्या दुसऱ्या भागातला तो रागीट खलनायक. (नातवाला हे तोंडपाठ. इतिहासाच्या सनावळ्या मात्र लक्षात राहत नाहीत!)

गोष्ट साधी आहे. सिफू चुंग नावाचे एक कुंग फूचे गुरू. 'सिफू' या शब्दात गुरू आणि बाप दोन्ही येतात, असं मला कळलं. त्यांचे तीन शिष्य, डॅनी, हिंग आणि जिम. तरुणपणी हे 'तीन वाघ' म्हणून गाजलेले. कुणी आव्हान दिलं की चालले! सुरुवातीला जुन्या व्हिडिओ कॅसेटवर घरगुती चित्रण असावं तसे धुरकट तुकडे दिसतात. पोरं हसताहेत, मारताहेत, पडताहेत, आणि गुरुजी मागे हाताची घडी घालून उभे. मग पंचवीसेक वर्षं एका झटक्यात निघून जातात. डॅनी आता विम्याच्या कंपनीत, घटस्फोट झालेला, मुलाला आठवड्यातून ठरल्या दिवशी भेटणारा बाप. हिंग जाडजूड, गुडघ्याला पट्टा आणि डोक्याला टोप. जिम एका जिममध्ये मुष्टियुद्ध शिकवतो, पण गुरूंनी शिकवलेलं विसरून बसलेला. तिघांचं आपापसात बोलणं नाही. गुरूंकडे जाणं तर कधीचंच थांबलेलं.

आणि गुरू जातात. जग म्हणतं हृदयविकार. शिष्यांना संशय येतो की हे काम जाणत्या हाताचं आहे. तिघं पुन्हा एकत्र येतात ते अंत्ययात्रेला. खुनी कोण ते सांगत नाही. ते कळण्यासाठी चित्रपट बघावा असंही काही नाही म्हणा. तो भाग मला जरा पातळच वाटला. बायकांना तर चित्रपटात फारसं कामच नाही, डॅनीची आधीची बायको दोनचारदा वैतागते तेवढंच.

गंमत आहे ती या तिघांच्या शरीरात. रिकाम्या पोहण्याच्या तलावात तीन तरणीबांड पोरं समोर उभी राहतात आणि आमचे वाघ आधी सांधे मोकळे करून घेतात. मग कुठे लढाई. डोक्याला ठाऊक असतं हात कुठे जायला हवा, हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबतो. काही मिनिटांतच दम लागतो. मी खूप हसले. हसता हसता माझाच हात गुडघ्यावर गेला.

म्हातारपणावरचे विनोदी चित्रपट मला सहसा आवडत नाहीत. कवळी पडली, ऐकू आलं नाही, संपला विनोद. इथे तसं नाही. इथे हसू येतं ते या माणसांना पूर्वी खरोखर काहीतरी येत होतं म्हणून. ज्याला कधी काही येतच नव्हतं, त्याच्या धडपडण्यात कसला आलाय विनोद? आमचे दादा लहानपणी कोल्हापूरला तालमीत जायचे. आता वय ऐंशीला टेकलंय. टीव्हीवर कुस्ती लागली की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा खांदा हलतो. पहिलवानाने डाव टाकायच्या आधी. वहिनी म्हणतात, "पुरे आता, चहा सांडेल." पण खांदा चुकत नाही हो! चित्रपटातही हाच क्षण हळूहळू येतो. गेलेला दम परत येत नाही, गुडघा बरा होत नाही, पण मनगटाला मुरलेलं काहीतरी वर येतं. 'कुंग फू' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी वेळ देऊन, कष्टाने मिळवलेलं कौशल्य असा आहे. मारामारी हा नंतर चिकटलेला अर्थ. चांगला स्वयंपाकही त्या अर्थाने कुंग फूच. आणि हे सिफू पोटासाठी करतात काय, तर हॉटेलात आचारी आहेत.

ब्रूस लीसुद्धा १९५९ साली सिअॅटलला आला तेव्हा रूबी चाऊ या बाईंच्या रेस्टॉरंटमध्ये वेटर होता आणि राहायलाही तिथेच. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात शिकता शिकता कुंग फूचे वर्ग चालवू लागला. १९७३ मध्ये गेला, अवघा बत्तीस वर्षांचा. त्याची समाधी सिअॅटलच्या लेक व्ह्यू दफनभूमीत आहे, शेजारीच १९९३ मध्ये गेलेल्या मुलाची, ब्रँडनची. चित्रपट पाहिल्यावर नातवाने हट्टाने नेलं. लोकांनी फुलं, नाणी, संत्री ठेवली होती. म्हातारा ब्रूस ली कुणी पाहिलाच नाही, त्यामुळे त्याचे गुडघेही कुणी पाहिले नाहीत. वाघ म्हातारे होण्याचं काम या तिघांसारख्यांच्या वाट्याला आलं.

नावावरून एक गंमत. 'कागदी वाघ' हा चिनी भाषेतला जुना शब्दप्रयोग, पण जगभर गाजला तो माओमुळे. ऑगस्ट १९४६ मध्ये येनानला त्याने एका अमेरिकन पत्रकार बाईंना मुलाखत दिली, त्यात अमेरिकेतल्या प्रतिगाम्यांना आणि अणुबाँबलाही त्याने कागदी वाघ म्हटलं. त्या बाई म्हणजे अॅना लुईस स्ट्राँग. आणि या बाई कुठल्या म्हणाल? सिअॅटलमध्ये राहिलेल्या, १९१६ साली तिथल्या शाळा मंडळावर निवडून आलेल्या! इतिहासाच्या शिक्षिकेला असं काही सापडलं की दोन दिवस भूक लागत नाही. जावयांना सांगितलं तर ते नुसतं "हो का" म्हणाले.

असो. मूळ मुद्द्याकडे येते.

चित्रपटात 'वू द' असा एक शब्द येतो, लढणाऱ्याचा धर्म किंवा सचोटी. सिफूंनी पोरांना ठोसे शिकवले ते त्याच्या पोटात बसवून. लढाईतली ही सचोटी नसेल तर उरते ती नुसती मारामारी. 'वू' या चिनी अक्षराची पारंपरिक फोड 'थांबवणे' आणि 'शस्त्र' अशी करतात. डॅनी आपल्या मुलाला सांगतो, भांडू नकोस, तिथून निघून ये. आम्ही शिक्षकही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. पण चित्रपट बघताना वाटत राहिलं की डॅनीच्या तोंडी ते वाक्य निराळं लागतंय. तो सगळ्याच गोष्टींपासून निघून आलेला माणूस आहे. बायको, मित्र, गुरू. गुरूंनी सांगितलेलं थांबणं निराळं आणि याचं निघून येणं निराळं. एवढा फरक चित्रपट भाषण न ठोकता दाखवतो.

लेक म्हणाली, "कृतघ्नच म्हणायचे हे तिघं. इतकी वर्षं एकदा तरी जायचं ना गुरूंकडे." मला तसं वाटलं नाही. जावई आणि ती दोघंही त्या शिष्यांच्या बाजूने बघत होते. मी छत्तीस वर्षं टेबलाच्या अलीकडे बसलेली बाई. मी सिफूंच्या बाजूने बघत होते. ज्यांचं बरं चाललंय ते विद्यार्थी येतातच हो. पेढे घेऊन येतात, गाडी दाराशी लावतात, मुलांना वाकायला लावतात. जे येत नाहीत त्यांतले पुष्कळसे कृतघ्न नसतात. वाघ म्हणून बाहेर पडलेल्याला टोप घालून परत यायची लाज वाटते. गुरूला त्या टोपाचं काही नसतं, पण हे कळवायचं कसं? सिफूंना ते कळवता आलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात पातेली उकळत राहिली आणि शिष्य आले ते शवपेटीपाशी.

माझा एक विद्यार्थी आहे. नाव लिहीत नाही, पण जुन्या शाळेतले जे हे वाचतात त्यांच्या लक्षात येईल. वक्तृत्व स्पर्धेत तीन वर्षं जिल्ह्यात पहिला. आवाज असा की मागच्या बाकावरची टवाळ पोरंही गप्प व्हायची. आम्ही सगळे म्हणायचो, हा वकील होणार, आमदार होणार, काय काय होणार. वडील अकाली गेले, शिक्षण राहिलं, मधे बरंच काही झालं. आता स्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी दिसले की तो काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकतो. गेली बारा-पंधरा वर्षं तो वाकतोय. इतकं काय त्या काउंटरखाली हरवलंय! त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी पुढच्या चौकातल्या दुकानात जात असे.

परत आल्यावर नोव्हेंबर आलाच. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यायचा महिना. बँकेने फॉर्मबरोबर आधार आणि पासबुकाच्या प्रती मागितल्या. मी स्टँडजवळच्या दुकानात गेले. तो वाकलाच. मी काउंटरवर कागद ठेवले आणि उभी राहिले. घाई नव्हती. शेवटी माणूस किती वेळ वाकून राहणार, त्याचीही पन्नाशी उलटलीय, कंबर धरत उठला.

"बाई," म्हणाला.

"दोन-दोन प्रती काढ," मी म्हटलं. "आणि पासबुकाचं पहिलं पान नीट दिसू दे, मागच्या वेळी त्यांनी परत पाठवलं होतं."

त्याने काच पुसली. एकेक कागद सरळ लावून प्रती काढल्या. वरचा फॉर्म पाहून थबकला. हयातीचा दाखला. मग मान वर न करता म्हणाला, "बाई, दरवर्षी लागतो ना हा?"

"असेपर्यंत लागतो."

"मग दरवर्षी इथेच या."

पैसे घेत नव्हता. मी घ्यायला लावले, बारा रुपये. मागे गिऱ्हाईक उभं होतं. ते उगाच मोठ्या आवाजात "मॅडम, जरा बाजूला व्हा" म्हणालं, तर त्याला आमचा वक्ता असा काही बोलला की स्टँडवरच्या दोनचार माना वळल्या. आवाज तसाच आहे.

तर वन्सं, हा असा तो सिनेमा. मिळाला तर जरूर बघा. इंग्रजी अक्षरं खाली येतात, भराभर जातात, चष्मा जवळ ठेवा. हाणामारी बघवली नाही तर विणकाम घेऊन बसा. नातवाचा निरोप आहे की शेवटची गच्चीवरची लढाई चुकवायची नाही. त्या वेळी चहा टाकायला उठू नका.